वैमानिक मिळाले का?

मित्रांनो, माझ्या नावाला घाबरू नका. मी एक म्हातारी विनाशिका, म्हणजे लढाऊ जहाज आहे, पण नाव मोठं, लक्षण खोटं! उभ्या जन्मात मी एक होडीसुद्धा बुडवली नाही. आता जहाजं तोडण्याच्या आवारात चिखलात कलंडून पडले आहे. नाक कापून झालंय. उरलेली आहे तोवर ऐकून घ्या.

आमच्या नौदलाचा संसारच मुळी जुन्या वस्तूंवर सुरू झाला. पहिल्या तीन विनाशिका दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या. आमचं विमानवाहू जहाजही तसंच. पाठीवर विमानं उतरवून घेणारी ती अवाढव्य बाई! तिला सगळे थोरली म्हणायचे. मी मात्र घरच्या गोदीत बांधलेली पहिली विनाशिका. पाण्यात उतरले तेव्हा कामगारांनी टोप्या उडवल्या होत्या. कौतुक काय सांगू!

माझं काम थोरलीच्या मागोमाग चालायचं. एखादं विमान समुद्रात पडलं, तर माणूस उचलायचा. म्हणून खलाशी मला पाठराखीण म्हणत. अकरा जणांना मी वर काढलं. बाराव्याचं मात्र ऐका.

त्या दुपारी सराव होता. वायरलेस बंद, बोलणं सगळं दिव्याच्या उघडझापीनं. थोरलीवर उतरता उतरता एक विमान घसरलं आणि माझ्यासमोर पाण्यात कोसळलं. त्यात नेहमी एकच वैमानिक असे. त्या दिवशी मागे दुसरा, नवखा बसला होता, आणि माझ्यावर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या लोकांनी एकाला ओढून काढलं. तो बेशुद्ध होता.

थोरलीवरून दिवा लुकलुकला, "वैमानिक मिळाले का?"

आता बघा हं, आपली भाषा! त्यांनी दोघांचं विचारलं होतं. आमच्या दिवेवाल्याला वाटलं, एका साहेबांचं मानानं विचारताहेत. त्यानं आनंदानं कळवलं, "मिळाले." झालं! थोरली वळली, मलाही निघायचा हुकूम आला.

तेवढ्यात माझ्या डाव्या कुशीवर कुणीतरी ठोकलं. ठक, ठक, ठक. जीव तोडून ओरडावंसं वाटलं, पण जहाजाला तोंड कुठे असतं?

खाली इंजिनखोलीत एक कामगार होता. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. त्यानं ते ऐकलं. वर बोलायच्या नळीला तोंड लावून तो म्हणाला, "साहेब, डाव्या बाजूला बाहेरून कुणीतरी ठोकतंय."

"अरे कानसेन, माणूस वर आणलाय! कान वाजताहेत तुझे. वेग वाढव."

"साहेब, एकदा बघा तरी..."

"हुकूम ऐकलास ना?"

त्यानं वेग वाढवला. ठोकणं मागे राहिलं.

वीस मिनिटांनी वाचलेला शुद्धीवर आला आणि त्यानं विचारलं, "मागचा कुठाय?" आम्ही उलटे फिरलो. दिवस मावळेपर्यंत शोधलं. वैमानिकाचा एक टोप तेवढा मिळाला. चौकशीच्या कागदावर लिहिलं, 'इंजिनखोलीतील कामगारास भास झाला.'

पुढे थोरली भंगारात गेली. तिच्या जागी घरच्या गोदीत बांधलेली धाकटी आली. माणसं उचलायचं काम हेलिकॉप्टरकडे गेलं. माझं नावसुद्धा क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या एका नव्या विनाशिकेला दिलंय. असो, पोरगी देखणी आहे म्हणे.

कानसेन आता ऐंशीचा झालाय. रोज काठी टेकत येतो. फाटकावरचा माणूस ओरडतो, "आजोबा, लोखंड पडेल डोक्यात!" तो ऐकत नाही. डाव्या कुशीवर काठीनं तीनदा ठोकतो, पत्र्याला कान लावतो आणि विचारतो, "खरं सांग गं बाई, कुणी होतं का? की माझेच कान वाजले?"

काय सांगू मी त्याला? होतं म्हटलं, तर त्याच्याच हातानं वेग वाढवला होता. नव्हतं म्हटलं, तर तो पाण्यातला पोर पुन्हा एकदा बुडेल. आणि बोलता तरी कुठे येतंय मला?

मित्रांनो, जहाजं जपा असं मी म्हणणार नाही. लोखंड वितळतं, पुन्हा उभं राहतं. पण कुणी 'मिळाले' म्हणालं, की 'किती?' एवढं विचारत जा. लाजू नका.

उद्या गॅसची नळी घेऊन कापणारे डाव्या कुशीला लागणार आहेत. कानसेन नेहमीसारखा येईल, काठी उचलेल, आणि ठोकायला समोर पत्राच नसेल.