नववी ‘ब’ची शांतता

“शिस्त हा राष्ट्राचा कणा आहे, आणि हा कणा दिल्लीत नव्हे, मुंबईत नव्हे, तर शाळेच्या वर्गात घडतो,” असं रंगनाथ खैरनार सरांनी नववी ‘ब’पुढे जाहीर केलं, आणि मागच्या बाकावरून म्हैस ओरडली.

म्हैस साधी नव्हती, अडलेली होती. तिच्या आवाजात इतकी कळ होती की भिका शिपाई व्हरांड्यातून काठी घेऊन धावत आला आणि बाकांखाली वाकून वाकून शोधू लागला.

“कोणाची हाय, सर?”

“महेश पवारची,” सर म्हणाले. “काठी ठेव खाली. सृष्टी, उभी राहा.”

सृष्टी उभी राहिली. काटकुळी पोरगी, दोन घट्ट वेण्या, आणि म्हैस कुठून आली याचं आपल्यालाही नवल वाटतंय असा चेहरा. वर्ग बाकं बडवून हसत होता. राष्ट्राचा कणा त्या तासाला काही पुन्हा सरळ झाला नाही.

सृष्टीला धडे येत नसत, पण आवाज सगळे येत. नामपूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा, सटाण्याच्या एसटीचा कंडक्टर, मुख्याध्यापक देवरे सरांचा खोकला, खोकल्यानंतरचं त्यांचं ‘अं, तर’, सगळं तिच्या गळ्यात राहायला होतं. एकदा तिनं तोंडानं घंटेचे टोल दिले आणि शेजारचे दोन वर्ग सुटून मैदानात गेले. खैरनार सरांचा आवाजही ती काढत असे. तो ऐकून सरांना घरी अंघोळ करताना हसू येई. वर्गात हसण्याची सोय नव्हती.

पूर्वी अशा पोरांसाठी छडी होती. सरांनी ती मन लावून वापरली होती आणि ज्यांच्यावर वापरली त्यांतले बरेच जण पुढे ग्रामपंचायतीवर निवडून आले होते. आता छडी कायद्यानं गेली. ओरडायचं तर कोणीतरी मोबाइलवर घेतं. राहता राहिलं समजावून सांगणं, आणि समजावून सांगितलेलं सृष्टी दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात, त्याच हातवाऱ्यांसह परत करी.

म्हशीच्या प्रकरणानंतर देवरे सरांनी खैरनार सरांना बोलावून घेतलं.

“सर, ही शेवटची. पुढची तक्रार आली की दाखला हातात.”

“पोर आहे, सर.”

“आठवीपर्यंत पोर असतं. तोवर कायदा काढू देत नाही. नववीत कायद्याचं लक्ष जरा दुसरीकडे असतं.” देवरे सर खोकले. “आणि तिच्या बापालाही हेच पाहिजे. परवा विचारून गेला, दाखला मिळेल का म्हणून. पिंपळनेरकडचं स्थळ आहे म्हणे. शाळेत आहे तोवर लोक चार प्रश्न विचारतात. शाळा सुटली की कोणी विचारत नाही.”

सृष्टीला पंधरावं चालू होतं. तिचा दाखला म्हणजे हळदीचं आमंत्रणच होतं. फक्त छापखान्याऐवजी शाळेतून निघणारं.

म्हणून सरांनी मास्तर लोकांचा जुना हुकमी उपाय काढला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे: वर्गातलं सगळ्यात वात्रट पोर हेरायचं आणि त्यालाच मॉनिटर करायचं. सटाण्याच्या प्रशिक्षणातही बाईंनी हेच सांगितलं होतं, ‘मुलाला जबाबदारी द्या’. दोन दिवसांच्या त्या प्रशिक्षणात जेवणानंतर सर जागे असताना कानावर पडलेलं ते एकमेव वाक्य होतं. सरांना त्यात ईश्वरी संकेत दिसला.

“मी?” सृष्टी म्हणाली.

“तू. मी वर्गात नसेन तेव्हा आवाज येता कामा नये. एकही तक्रार आली तर तुझा दाखला निघेल. कळतंय ना, दाखला निघाला की काय होईल ते?”

“कळतंय, सर,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं ते तिच्या स्वतःच्या आवाजात म्हटलं. तो अगदी बारीक होता.

आणि काय सांगावं, नववी ‘ब’ शांत झाली. थोडीथोडकी नाही, तेराव्याच्या पंगतीत पहिला घास घेण्याआधी असते तशी. दुसऱ्या वर्गांतले शिक्षक पोरांना व्हरांड्यात आणून नववी ‘ब’चं दार दाखवू लागले. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देवरे सरांनी लिहिलं, ‘खैरनार सरांचे वर्गव्यवस्थापन अनुकरणीय.’ त्याखाली फुलांचे गुच्छ आले. सरांनी तो मजकूर बायकोला दाखवला. ती म्हणाली, “एवढं येतं तर नातवाला झोपवून दाखवा.”

एके दिवशी सर खडू विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले आणि खिडकीतून आत बघतात तर सगळ्या वर्गाला एकदम गालगुंड झालेलं. साऱ्यांचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, हात घडी करून बाकावर. फळ्याजवळ सृष्टी उभी. तिच्याजवळ पाण्याची कळशी आणि भांडं.

सरांना आधी हसू आलं. मग त्यांची नजर तिसऱ्या बाकावरच्या योगेशवर गेली. योगेश तोतरा, बोलताना अडकणारा, बारमाही सर्दीचा पोरगा. त्याचे डोळे तांबडे झाले होते आणि नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तेवढाच काय तो आवाज वर्गात होता.

सरांनी सृष्टीला बाहेर बोलावलं.

“काय चाललंय हे?”

“पाणी धरलंय, सर. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही.”

“आणि कोणी थुंकलं तर?”

“त्याच्या घरातला आवाज काढते.” ती सहज म्हणाली. “सगळ्यांच्या घरातले येतात मला. रात्री गल्लीत ऐकू येतात. कोणाची आई कशी रडते, कोणाचा बाप कसा ओकतो. योगेशचं तर नुसतं बोलणं काढलं तरी पुरतं. कोणी थुंकत नाही, सर.”

चाळीस पोरांना गप्प करायला त्यांना छडी लागायची. हिला नुसते कान पुरले होते.

“हे शिकवलं कोणी तुला?”

“आमच्या घरी चालतं. बाबा पिऊन आले की आई धरते. एका महाराजांनी तीर्थ म्हणून दिलं होतं तिला, नवरा झोपेपर्यंत तोंडात धर, गिळू नको, घरात भांडण राहणार नाही. तीर्थ संपलं. आता ती नळाचं धरते.” थोडं थांबून ती म्हणाली, “गुण आहे पण. उलट बोलली नाही की मार कमी बसतो.”

यावर काय बोलावं ते प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. निदान जेवणानंतर तरी नव्हतं. सर म्हणाले, “बंद कर ते आजपासून.”

तिनं बंद केलं. दुसऱ्या दिवशी नववी ‘ब’ने आठवडाभर तुंबलेला सगळा कल्लोळ एकदम सोडला. कोणीतरी डस्टर फेकलं, ते देवरे सरांच्या पायाशी येऊन पडलं. देवरे सरांनी ते उचललं, खैरनार सरांच्या हातात दिलं आणि सौम्यपणे विचारलं, “काय झालं तुमच्या वर्गाला? गुरुवारी तपासणीचं पथक येतंय. पवारची पोरगी पुन्हा सुरू झाली असेल तर आत्ताच सांगा, दाखला लिहून ठेवतो.”

“नाही, नाही,” सर म्हणाले. “होईल शांत.”

मधल्या सुट्टीत नळाजवळ सृष्टी भेटली. ती नुसती बघत राहिली. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि नळाकडे बघत म्हणाले, “फार वेळ नको धरायला लावू.”

एवढंच. यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत, हे त्यांनी पुढे स्वतःला बरेचदा सांगितलं.

गुरुवारी पथक आलं. गाडीतून तीन साहेब उतरले, त्यांना टोप्या आणि नारळ मिळाले, आणि व्हरांड्यातून चालताना नववी ‘ब’च्या दाराशी थांबून मोठे साहेब म्हणाले, “वा. याला म्हणतात वातावरण.” मग त्यांनी दाराशीच उभं राहून देवरे सरांना आणि खैरनार सरांना वातावरणाविषयी आपले विचार सांगितले. साहेबांचे विचार बरेच होते. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या शाळेपासून त्यांनी सुरुवात केली.

आत वर्ग पाणी धरून बसला होता. खैरनार सरांना दाराच्या फटीतून तिसरं बाक दिसत होतं. योगेशच्या कपाळावर घाम होता. नाकातली शिट्टी थांबली होती. नाक पुरतं बंद झालं असावं. तो सृष्टीकडे बघत होता. सृष्टी दाराकडे बघत होती, सरांकडे, आणि हातानं विचारत होती: सोडू का?

सरांना फक्त मान हलवायची होती. पण साहेब नेमके त्यांच्याकडे वळून म्हणाले, “तुमचं काय मत, गुरुजी?” आणि सरांनी साहेबांसाठी मान हलवली.

बाक पडल्याचा आवाज झाला. योगेश बाकासकट आडवा झाला होता. श्वासाबरोबर पाणी आत गेलं होतं. ओठ निळे पडले होते आणि त्याची बोटं फरशी खरवडत होती. तो थुंकला नव्हता, शेवटपर्यंत. मोठ्या साहेबांचीच गाडी त्याला घेऊन मालेगावला धावली. नारळ डिकीतच राहिले.

जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हवा कमी पडलीय, किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. योगेश डोळे उघडतो, आईकडे बघतो. ओळखतो की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. आधी तो अडकत अडकत बोलायचा. आता अडकण्याचा प्रश्न उरलेला नाही.

सोमवारी शाळेच्या ऑफिसात बैठक झाली. शाळा समितीचे अध्यक्ष भामरे आबा, देवरे सर, खैरनार सर. समोर महेश पवार, त्याच्या शेजारी त्याची बायको उज्वला, आणि दोघांच्या मध्ये सृष्टी. तिच्या कानाखाली चार बोटं उमटलेली होती, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. घरचा मामला होता.

“कोणाच्या सांगण्यावरून केलंस हे?” देवरे सरांनी विचारलं.

खैरनार सरांनी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

“कोणाच्याच नाही,” सृष्टी म्हणाली.

“वर्गशिक्षकांना माहीत होतं?”

“नाही.”

तिनं सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या माणसांची नावं घ्यायची नसतात, हे तिला घरीच शिकवलेलं होतं.

“काय हो ताई,” आबा उज्वलाकडे वळले, “पोरीला हे असलं सुचतं कुठून? तुम्ही काही बोलाल की नाही?”

उज्वलानं मान खाली घातली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. गाल किंचित फुगलेले. खैरनार सरांनी ते ओळखलं. बाई घरूनच पाणी धरून आली होती.

“ती बोलत नही, आबा,” महेश नम्रपणे म्हणाला. “आमना घरमा बाया बोलत नहीत. तुम्ही दाखला द्या. सोयरीक ठरेल शे. पोरगी मार्गी लागी.”

“ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही काही ऐकलं नाही,” आबांनी कायद्याची बाजू सांभाळली. “चला, एक घाण गेली. योगेशच्या घरच्यांनाही बरं वाटेल. कोणाला काही बोलायचंय?”

देवरे सरांनी दाखला भरायला घेतला होता. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यापाशी पेन क्षणभर थांबलं आणि मग ‘पालकांची इच्छा’ असं वळणदार अक्षरात लिहून पुढे गेलं. खाली सही झाली.

खैरनार सरांना आत काहीतरी ढकलत होतं. ‘फार वेळ नको’ हे शब्द गुरुवारपासून त्यांच्या तोंडात होते. गिळता येत नव्हते, थुंकता येत नव्हते. मला माहीत होतं, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं योगेश उठला नसता. आपली पेन्शन लटकली असती. पण दाखला थांबला असता, निदान आजचा. हळद पुढे गेली असती.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि ते उभे राहिले. सृष्टीनं पहिल्यांदा मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी पाहिलं, महेशनं पाहिलं. भिका पाण्याचा ट्रे घेऊन दारातच थांबला. सरांनी एक श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

“बरं झालं, उभे आहात ते,” देवरे सर कागदावरून नजर न उचलता म्हणाले. “कपाटावरचा तेवढा शिक्का द्या इकडे. आणि शाईचं पॅडही.”