माझ्या पोटातले विहिरीचे इंजिन

मित्रांनो, मी अंथुर्णे गावातील एक जुनी मोटार आहे आणि मला माझ्याच अंगाची किळस येते. वयस्कर वाहनाने मुलांपुढे चांगले तेवढेच बोलावे, अशी अपेक्षा असते. पण जे घडले ते गोड करून सांगणे मला जमणार नाही.

माझा जन्म १९५४ सालचा. काळा रंग, गोलसर पाठ, लाल कातडी बैठका आणि चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. ते इतके अलगद चाले की, दारात उभी असताना मी चालू आहे की बंद, हे लोक बॉनेटवर हात ठेवून पाहत. आबाजींनी मला पुण्याहून आणले. त्यांच्यामागे मी त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांच्याकडे आले. वस्तीवर दुसरी मोटार नव्हती, म्हणून अडलेल्या बाईला बारामतीच्या दवाखान्यात पोहोचवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. उपकेंद्रातील नर्स ज्योत्स्नाबाई मागच्या बैठकीवर बाईचे डोके मांडीवर घेऊन बसत. चाळीस-पन्नास मिनिटांत आम्ही पोहोचत असू. या कामाचा मला अभिमान होता.

१९९५ च्या उन्हाळ्यात माझ्या इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, तुटला. ते पुन्हा चालणार नाही, असे भीमा मिस्त्रींनी सांगितले, आणि नवे कोणते बसवायचे हे ठरवायला अंगणात बैठक भरली. कन्हेरीच्या एका गुरुजींकडे माझ्याच जातीची मोटार झाडाखाली पडून होती; तिचे इंजिन धड होते. दुसरे इंजिन घरचेच होते. आप्पासाहेबांच्या विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून तिथले जुने डिझेल इंजिन रिकामे बसले होते.

“कन्हेरीचं घिऊ, आप्पा,” भीमा मिस्त्री म्हणाले. “जागच्या जागी बसतंय. काय कापाय लागायचं न्हाय.”

“अन् घरचं भंगारात घालू व्हय? वीस वर्सं खंडेनवमीला त्याची पूजा केलीया. आबांनी बसवलेलं हाय. वीस वर्सांत एकदा तरी तापलं का?”

“कसं तापंल? विहिरीचं गार पाणी सारखं त्याच्या अंगातनं फिरत हुतं. आता विहीर टपावर बांधून न्यायची का?”

सगळे हसले. आप्पासाहेबही हसले, आणि म्हणाले, “पाण्याचा मोठा डबा बसव की म्होरं.”

ज्योत्स्नाबाई ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. “आप्पासाहेब, मागे बाई आडवी असते. एवढी थरथर तिला सोसेल का?”

“बाई, बाळंतपण तुमी बघा. इंजिन आमी बघतो.”

माझे बॉनेट काढून टाकले, कारण त्या धुडाची उंची त्यात मावेना. छिन्नीने माझा तळ फोडला. आत बसवले ते एक काळे, घामट, एकाच सिलिंडरचे इंजिन. वीस वर्षांची हळद आणि कुंकू त्याच्या तेलकट अंगावर मळीसारखे थिजले होते. ते हँडल मारून सुरू करावे लागे. एकेका ठोक्याला माझे दरवाजे खडखडत, काचा चौकटीत नाचत आणि तळाच्या भोकातून धूर वर येई. माझ्या लाल बैठका डिझेलने चिकट झाल्या. कोणी दार उघडले, तर मला लाजेने मिटून घ्यावेसे वाटे.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदातल्या एका कडक दुपारी वस्तीवरच्या कुशाबाईंची सून शालन अडली. आप्पासाहेब स्वतः चालवायला बसले. मागे कुशाबाई, ज्योत्स्नाबाई आणि मध्ये शालन. त्या इंजिनाला वेग ठाऊकच नव्हता. सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. शालनला धुराने उलटी झाली. प्रत्येक ठोक्याला ती कण्हत होती.

“आत्याबाई, मला खाली उतरवा. रस्त्यावर निजवा, पर ह्यातनं उतरवा.”

वाटेतल्या सणसर गावी डब्यातले पाणी उकळून उडाले आणि इंजिन थांबले. आप्पासाहेबांनी घाईने कालव्याचे गार पाणी आणून त्या तापलेल्या लोखंडावर ओतले. खाडकन आवाज झाला आणि ते तडकले. ज्योत्स्नाबाईंनी रस्त्याच्या मधोमध उभे राहून दुधाचा टेम्पो अडवला. कॅनच्या मधल्या जागेत शालनला निजवून त्या बारामतीला गेल्या. बाळ जगले. शालनला शुद्ध यायला तीन दिवस लागले.

आणि तरीही, मित्रांनो, आप्पासाहेबांनी ते तडकलेले धूड वेल्डिंग करून घेतले! खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातला आणि आल्यागेल्याला ते सांगू लागले, “ह्या इंजिनानं शालनला सणसरपातुर न्हेलं!”

त्याच खंडेनवमीला कुशाबाईही तिथे आल्या होत्या. त्यांनी विचारले, “सणसरात दवाखाना कवा झाला रं, आप्पा?”

आणि त्यांनी माझे मागचे दार उघडले.

“चल, मागं नीज. सून निजली हुती तसा. भीमा, मार हँडल.”

“मावशे, सणासुदीचं काय हे?”

“नीज म्हणते ना.”

पूजेला जमलेल्या एवढ्या माणसांत आप्पासाहेबांना नाही म्हणता येईना. ते माझ्या मागच्या बैठकीवर आडवे झाले. भीमा मिस्त्रींनी मला गावाबाहेर नेले. पहिल्या मोरीपाशी आप्पासाहेब ओरडले, “थांबीव!” ते उतरले आणि कडेला ओकले. तोंड पुसून ते बराच वेळ दारातून आत पाहत राहिले.

“कन्हेरीचं हाय का अजून?” त्यांनी विचारले.

“गेलं. शेंगा फोडायच्या यंत्राला न्हेलं कुणीतरी.”

“मग दुसरं हुडीक. अन् बसवायच्या आदी कुशामावशीला अन् नर्सबाईंना इचार.”

ते धूड आता माझ्या पोटातून निघाले आहे. दुसरे अजून मिळालेले नाही. या महिन्यात दोन बायका दुधाच्या टेम्पोतून बारामतीला गेल्या, आणि मी दारात उभी राहून पाहिले.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणते यंत्र कुठे बसवायचे, हे तुम्ही ठरवाल. तेव्हा त्यातून ज्याला जायचे आहे, त्याला आधी विचारा. आणि मला पुसायला कधी आलात, तर काचांपासून सुरुवात करू नका. मागची बैठक आधी धुवा.