सारा जिंकत होती तेव्हा

आसावरी गद्रेला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आणि ते तिने कधी लपवलंही नव्हतं. ती मूळची गणिताची शिक्षिका. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका कॉलेजात असिस्टंट प्रिन्सिपल झाली आणि गेल्या उन्हाळ्यात कामांची फेरवाटणी झाली तेव्हा क्रीडा विभाग तिच्या गळ्यात पडला. त्याच्याबरोबर आली सारा.

सारा ही मुलींच्या फुटबॉल संघाची नवी कोच. स्लाऊमध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली. आजोबा कधीकाळी साताऱ्याहून आलेले. सप्टेंबरपासून तिच्या मुली एकही मॅच हरल्या नव्हत्या. ज्या संघाची कॉलेजात कुणी चौकशी करत नसे, त्याचे फोटो आता रिसेप्शनच्या स्क्रीनवर झळकत होते. सारा मात्र अजून प्रोबेशनवर होती. तिला कायम करायचं की नाही, हे ख्रिसमसच्या सुट्टीआधी आसावरीने सांगायचं होतं.

"त्यात विचार कसला करायचा?" तिचा नवरा राजीव म्हणाला. "जिंकतायत ना? मग झालं."

"पण तिच्यामुळे जिंकतायत का?"

"मग कोणामुळे?"

एक गोष्ट तिने राजीवलाही सांगितली नाही. कॉलेजात मराठी अशा त्या दोघीच. हो म्हटलं तर लोक म्हणणार, आपल्या माणसाला चिकटवून घेतलं. म्हणून ती साराशी जरा जास्तच कोरडी वागत होती, आणि ते तिचं तिलाही कळत होतं.

तिने डेनिसला कॉफीला बोलावलं. डेनिस आधीचा कोच, उन्हाळ्यात निवृत्त झालेला.

"या पोरी मी निवडल्या," तो म्हणाला. "गेल्या वर्षी त्या लहान होत्या, मोठ्या मुलींच्या धक्क्याने पडायच्या. आता त्याच मोठ्या झाल्यात. कोच कुणीही असता तरी जिंकल्याच असत्या."

चला, एक तरी स्पष्ट उत्तर मिळालं, असं आसावरीला वाटलं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण सारा चांगली आहे हं. मी त्यांच्यावर ओरडायचो. ती ओरडत नाही. आता त्या घाबरत नाहीत, स्वतःहून बॉल मागायला लागल्यात."

"म्हणजे तिच्यामुळे जिंकतात?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

मग आपणच जाऊन बघावं असं तिने ठरवलं. कपची मॅच साउथहॅम्प्टनला होती. ती आपल्या गाडीने गेली आणि वारा झोंबत होता तरी मैदानाच्या कडेला टचलाइनपाशी उभी राहिली. हाफ टाइमपर्यंत साराच्या मुली दोन-शून्यने पुढे होत्या. दोन्ही गोल मेगनचे. मेगन ही संघातली सगळ्यांत तडफदार खेळाडू. तिचे वडील प्रत्येक मॅचला यायचे, तसे आजही आले होते.

दुसरा हाफ सुरू झाला आणि उंच आलेल्या बॉलसाठी मेगन आणि समोरची एक मुलगी एकदमच उडाल्या. डोक्यावर डोकं आपटलं. मेगन पडली, पण लगेच उठली, आपण ठीक आहोत म्हणाली. सारा धावत आत गेली. तिने मेगनला काहीतरी विचारलं, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तिला बाहेर घेतलं.

"काय चाललंय काय?" मेगनचे वडील ओरडले. "तिला काही झालेलं नाही!"

मेगनने जर्सी काढून गवतावर आपटली. त्यानंतर संघाचं सगळंच बिनसलं. कुणाचा पास कुणाला पोहोचेना. साराच्या मुली तीन-दोनने हरल्या.

मेगनला तिचे वडील घेऊन गेले. बाकीच्या मुलींची मिनीबस परतताना खाण्यापिण्यासाठी मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबली. मागोमाग आसावरीही थांबली. मुली बर्गरच्या रांगेत गेल्या. सारा दोन चहा घेऊन तिच्यासमोर येऊन बसली.

"मी चुकली का, मावशी?"

आसावरी दचकली. सारा कॉलेजात तिच्याशी कधी मराठीत बोलली नव्हती, आणि मावशी तर नाहीच नाही.

"मला कसं कळणार? तुला काय दिसलं?"

"मी तिला विचारली, स्कोअर काय आहे. तिने राइट सांगितली. पण लेट. जस्ट थोडा लेट. म्हणून मी तिला काढली. डाउट असेल तर बाहेर, असा रूल आहे. पण कदाचित काहीच नव्हतं. कदाचित ती फक्त माझ्यावर चिडला होता."

"आणि आधीच्या मॅचेस? त्या कशा जिंकलात?"

सारा कपाचं झाकण काढत, लावत राहिली. "ऑनेस्टली? मला नाही माहीत. सुरुवातीला मी डेनिसचाच प्रॅक्टिस घेतला. सगळे मला काँग्रॅट्स म्हणतात. मी थँक यू म्हणते."

डॉक्टरने मेगनला तपासलं. डोक्याला आतून इजा झाली होती असंही तो खात्रीने म्हणेना आणि नव्हती असंही. नियमाप्रमाणे विश्रांती घ्यायला मात्र सांगितलं. वडिलांनी कळवलं की बरी झाल्यावर ती कॉलेजकडून नाही, गावातल्या क्लबकडून खेळेल. तिच्यावाचून संघ पुढची मॅचही हरला. रिसेप्शनच्या स्क्रीनवर ड्रामा विभागाचे फोटो आले.

आसावरीला मेगन कॅन्टीनबाहेर भेटली.

"त्या दिवशी तू खरंच ठीक होतीस?"

"हो! अगदी ठीक." मेगनने बॅग खांद्यावर सावरली. "घरी जातानाचा रस्ता आठवत नाही. पण मी झोपले असेन ना."

"झोपली होतीस का?"

"असेन."

त्याच आठवड्यात प्रिन्सिपलबाईंनी आसावरीला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये याच बाई साराला लगेच कायम करू या म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "प्रोबेशन वाढवू या का? आपण जरा घाईने हुरळून गेलो."

इतके दिवस आसावरी स्वतःला विचारत होती, की जिंकणं साराचं कशावरून. आता तिला कळेना, की मग हरणं तरी तिचं कशावरून?

"मला वाटतं, तिला कायम करावं," ती म्हणाली. आपण हे बोलून गेलो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"कशाच्या आधारावर?"

"मॅचच्या निकालांवरून नाही. त्यातलं मला आधीही कळत नव्हतं, आताही कळत नाही. पण मैदानावर एखादी मुलगी पडली तर तिथे सारा असावी, असं वाटतं."

बाईंना पटलं की नाही ते चेहऱ्यावरून समजलं नाही, पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. निर्णय तुमचा."

घरी जाताना आसावरी एकाच राउंडअबाउटभोवती दोनदा फिरली. साराच्या जागी दुसरी कुणी असती, ‘मावशी’ न म्हणणारी, तर आपण हेच बोललो असतो का? असतो, असं तिला वाटलं. पुढच्या सिग्नलला तेवढी खात्री राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साराला ऑफिसात बोलावून सांगितलं. सारा आनंदाने उडी मारेल अशी तिची अपेक्षा होती. साराने उलट तिलाच विचारलं.

"पण आम्ही हरलो ना? का मग?"

"खरं सांगू? मला नीट सांगता येणार नाही."

सारा हसली, मग तिचे डोळे भरले, आणि ती दोन्हीबद्दल सॉरी म्हणाली.

बुधवारी कॉलेजच्याच मैदानावर मॅच होती. आसावरी छत्री घेऊन गेली. मेगनच्या जागी एक नवीन मुलगी खेळत होती; ती सारखी चुकीच्या बाजूला धावायची, आणि सारा तिला तितक्याच शांतपणे परत बोलवायची. एक-एक बरोबरी झाली. पलीकडे उभा असलेला डेनिस मान हलवत होता. कौतुकाने की काळजीने, ते पावसात दिसत नव्हतं.

"हे चांगलं झालं की वाईट?" मॅच संपल्यावर आसावरीने साराला विचारलं.

सारा मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा करत होती. "विचारू नका ना, मावशी," ती म्हणाली आणि कोनांची चळत आसावरीच्या हातात देऊन मुलींकडे पळाली.