दुसरा वाडगा

सुगरणीने चौथा वाडगा भरला, वर पुदिन्याचं पान ठेवलं आणि स्वतःच्या चमच्याला हात न लावता ती तिघींच्या तोंडांकडे बघत बसली.

सूप काकडीचं होतं. दही घालून घोटलेलं, गार, फिकट हिरवं. दिसायला असं देखणं की शिवणवाली म्हणाली, या रंगाचं कापड मिळालं तर ती स्वतःसाठी झगा शिवेल. मग तिने पहिला चमचा तोंडात घातला आणि पुढचं बोलणं राहून गेलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौघी कुणा एकीच्या घरी जमत. आपल्याला त्या महिन्यात जे आवडलं ते प्रत्येकीने घेऊन यायचं, असा रिवाज होता. ग्रंथपाल पुस्तक आणी. शिवणवाली मशीन चालवता चालवता पाहिलेली मालिका अशी सांगे की मूळ मालिका त्यापुढे फिकी पडावी. पाणीपुरवठा कार्यालयातली कारकून गाणं ऐकवी. तिला सगळ्या 'रेडिओ' म्हणत, कारण ती अर्जांवर शिक्के मारतानासुद्धा गुणगुणत असे आणि तिचं बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नव्हतं. चौथी सुगरण. ती काहीतरी करून आणी, आणि ते कसं केलं तेही सांगे. तिचं हे नाव तिच्या हाताच्या चवीवरून पडलं होतं आणि तिला ते मनापासून आवडत होतं.

"कसं झालंय?" सुगरणीने विचारलं. "खरं सांगा हं. उद्या हेच छापखान्याच्या कँटीनला घेऊन जायचंय."

ग्रंथपालने घोट गिळला आणि कोरडेच ओठ रुमालाने पुसले.

"वेगळंच आहे काहीतरी," ती म्हणाली.

"गारेगार वाटलं अगदी," शिवणवाली म्हणाली.

रेडिओने मात्र वाडगा तोंडाला लावून रिकामा केला आणि सुगरणीपुढे धरला.

"वा! मला अजून एक वाडगा. कँटीनवाले वेडे होतील बघ."

सुगरणीचा जीव भांड्यात पडला. तिने रेडिओचा वाडगा काठोकाठ भरला. त्या वेळी तिला रेडिओइतकं जवळचं जगात कुणी वाटलं नाही.

तिला हे विचारावं लागत होतं, कारण तिला स्वतःला कळत नव्हतं. हिवाळ्यात ताप आला, सर्दी झाली आणि जाताना दोघांनी मिळून तिचं नाक आणि जीभ बरोबर नेली. आधी वाटलं, येईल परत. मग एका सकाळी दूध करपून काळं झालं आणि शेजारीण धावत आली तेव्हा तिला कळलं. तेव्हापासून ती चमच्याने मोजून स्वयंपाक करत होती. मीठ मोजता येतं, तिखट मोजता येतं, आणि दोन कार्यालयांना दुपारचं जेवण पुरवायचं तर तेच ते पदार्थ डोळे मिटूनही करता येतात. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. चव न कळणाऱ्या बाईच्या हातचं कोण जेवणार? घरात सासरे होते, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांना सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची.

कँटीनचं काम मिळालं असतं तर सगळं सुटलं असतं. तिथे हाताखाली दोन माणसं मिळणार होती. "जरा चाखून बघ रे," असं कुठलाही मुख्य स्वयंपाकी हाताखालच्याला म्हणतोच. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं, आणि तिचं गुपित तिथल्या मोठ्या पातेल्यांखाली कायमचं झाकलं गेलं असतं. पण छापखान्याची अट होती की नमुन्यादाखल नेहमीचं नको, नवीन काहीतरी करून आणा.

दुसऱ्या दिवशी तिने टोपलीतल्या उरलेल्या काकड्या सोलल्या. त्याच वेलीच्या, त्याच भाजीवाल्याकडच्या. पूर्वी ती प्रत्येक काकडीची चकती दाताखाली धरल्याशिवाय पुढे जात नसे. आता धरून उपयोग नव्हता, आणि गरजही वाटली नाही. काल तिघींनी खाल्लं होतं. एकीने तर दोनदा.

छापखान्याचं कँटीन तळघरात होतं. वर यंत्रं चालली की टेबलावरचे पेले थरथरत. व्यवस्थापक आणि दोन फोरमन एका बाजूला बसले, सुगरण समोर उभी राहिली. व्यवस्थापकाने एक चमचा तोंडात घातला, तसाच थांबला आणि मग मोठ्या कष्टाने गिळला. फोरमनपैकी एकाने सरळ पाण्याचा पेला उचलला.

"बाई, तुम्ही हे चाखलंत?"

"चाखलं की."

"आत्ता चाखा बरं."

त्याने कोरा चमचा पुढे केला. सुगरणीने सूप तोंडात घेतलं. गार होतं, दाट होतं, बाकी काही नाही. तिघेही तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा वाकडा करायला हवा होता एवढं तिला कळलं, पण कशासाठी ते कळेना.

"मीठ," ती म्हणाली, "मीठ जरा जास्त पडलंय."

व्यवस्थापकाने चमचा खाली ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज उलट खाली आला, आजारी माणसाशी बोलताना येतो तसा.

"मीठ बरोबर आहे, बाई. काकडी कडू आहे. कडूजहर. कधीपासून असं होतंय तुम्हाला?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा बसवलं, आणि जिना चढून वर आली. वर यंत्रं धडाधड चालू होती. त्या आवाजात तिने एकदा मोठ्याने स्वतःलाच शिवी दिली.

आठवडा संपायच्या आत दोनपैकी एका कार्यालयाचा निरोप आला. जेवण चांगलंच आहे हो, पण पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरी सोय बघतोय. खाणावळीच्या धंद्यात असली बातमी जेवणापेक्षा लवकर पोचते. सुगरण एवढ्यातच चिडचिडी झाली होती. सासऱ्यांनी जेवताना नुसतं "हं" म्हटलं तरी तिला वाटे, यांनाही कळलं. एका दुपारी ती पदर खोचून उठली आणि शिवणवालीच्या दुकानात गेली.

शिवणवाली कुणाच्या तरी कोटाची बाही बेतत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून मालिका चाललेली.

"सूप कडू होतं?"

शिवणवालीने टाचण्या काढून एकेक करून उशीत खोचल्या. त्याला लागायला हवा त्याहून जास्त वेळ तिने लावला.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशा बोलणार? कुणाच्या आवडीला नावं ठेवायची नाहीत. नियम कुणाचा?"

नियम सुगरणीचाच होता. फार पूर्वी ग्रंथपाल शिवणवालीच्या मालिकेला फिदीफिदी हसली होती आणि शिवणवाली रडून निघून गेली होती. तेव्हा सुगरणीनेच मध्ये पडून दोघींना एकत्र बसवलं, गोड खाऊ घातलं आणि हा नियम घातला. त्या दिवशी तिला स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं होतं.

"मी खरं सांगा म्हटलं होतं," सुगरण म्हणाली.

"अगं, ते सगळेच म्हणतात. खरं ऐकायचंय म्हणून कुणी म्हणतं का?" शिवणवालीने बाही उलटीसुलटी केली. "मला वाटलं, ते सूप तसंच असेल. नवीन पद्धतीचं. आणि रेडिओने दुसरा वाडगा मागितला, तेव्हा तर वाटलं, माझीच जीभ बिघडली."

"तिला आवडलं होतं तर."

शिवणवालीने भिंतीवरच्या मालिकेकडे बघितलं. तिथे कुणीतरी कुणाला तरी थोबाडीत मारत होतं.

"मी पाणी प्यायला आत गेले होते ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा ती मोरीत तो दुसरा वाडगा ओतत होती. चूळ भरत होती. मला म्हणाली, बोलू नकोस गं तिला, केवढ्या हौसेने केलंय." मग तिने विचारलं, "पण तू चाखलं नव्हतंस का?"

"घाईत राहिलं," सुगरण म्हणाली.

भीड भिकेची बहीण, असं तिची आई म्हणत असे. सुगरण घरी जाताना ते आठवून आठवून जळत राहिली. त्या तिघींची भीड आणि भीक मात्र आपल्या वाट्याला. ग्रंथपालचा तिला इतका राग आला नाही, शिवणवालीचाही नाही. त्या बिचाऱ्या एकेक वाडगा कसाबसा संपवून गप्प बसल्या होत्या. पण दुसरा वाडगा? तो कशाला मागायचा? त्या वाडग्याच्या जोरावर ती तळघराचा जिना उतरली होती.

पुढचा शेवटचा रविवार ग्रंथपालकडे होता. जायचं नाही असं ठरवून सुगरण सकाळपासून भांडी घासत बसली, आणि दुपारी साडी बदलून गेली. वाटेत दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच विकतचं घेऊन आली होती. ग्रंथपालने पुडा पाहिला, फोडला आणि बशीत मांडला.

रेडिओ सर्वांत शेवटी आली, केस नवे कापलेले, गाल लाल.

"कँटीनचं काय झालं गं? मिळालंच असणार."

"नाही मिळालं."

"काय सांगतेस!" रेडिओ तिच्या शेजारी टेकली आणि तिचा हात हातात घेतला. "मेल्यांना चवच नाही."

सुगरणीने तिच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर खोट कुठे शोधूनही सापडत नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं. सुगरणीने हात सोडवला आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पुस्तक झालं, मालिका झाली. मग रेडिओने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि दोन्ही हात मांडीत दाबून धरले.

"आजचं गाणं दुसऱ्या कुणाचं नाही. माझंच आहे. स्टुडिओत जाऊन गायलेय." ती एका दमात बोलत सुटली. "एक वाद्यवृंद आहे, ते गावोगाव कार्यक्रम करतात. म्हणाले, पूर्ण वेळ येणार असाल तर बघू. म्हणजे नोकरी सोडूनच जावं लागेल. उद्या राजीनामा द्यावा म्हणतेय. पण आधी तुम्ही ऐका."

तिने बटण दाबलं.

सुगरणीची जीभ गेली होती, कान शाबूत होते. लहानपणी ती गाणं शिकली होती, आणि चौघींत सूर तिलाच कळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तंबोऱ्यामागोमाग रेडिओचा आवाज आला, खालच्या पट्टीत गोड, घरगुती. मग चाल वर चढली आणि आवाज एक पायरी खालीच राहिला. पुन्हा चढली, पुन्हा राहिला. प्रत्येक वेळी तिथेच. गुणगुणताना जे कुणाला खटकत नव्हतं ते इथे दाताखाली खडा यावा तसं येत होतं. ग्रंथपाल पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसू लागली. त्यावर धूळ नव्हती. शिवणवालीने पदराचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला.

गाणं संपलं.

"छान," ग्रंथपाल म्हणाली.

"मन लावून म्हटलंयस," शिवणवाली म्हणाली.

रेडिओ दोघींकडे बघून हसली, पण वळली सुगरणीकडे.

"तू सांग. ह्या दोघी काय, मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणतील. नियमबियम आज गुंडाळून ठेव. पंधरा वर्षांची पक्की नोकरी सोडायची म्हणजे भीती वाटते गं. तू नको म्हणालीस तर नाही देणार. तुझ्या कानावर माझा भरवसा आहे."

सुगरणीच्या ओठांपर्यंत खरं आलं होतं. एक वाक्य, तेही फार कडू नव्हतं. तुझा वरचा सूर लागत नाही, अजून वर्षभर शीक. एवढं म्हटलं असतं तर रेडिओ रडली असती, चार दिवस रुसली असती, पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शिक्के मारायला गेली असती.

सुगरणीने बशीतलं बिस्कीट उचललं, चावलं आणि गिळलं. कशाचंच काही लागलं नाही.

"वा," ती म्हणाली.

रेडिओने रोखलेला श्वास सोडला.

"खरंच?"

"खरंच. अजून एकदा लाव."

शिवणवालीने झटकन मान वर करून सुगरणीकडे पाहिलं. दोघींची नजरानजर झाली. मग शिवणवालीने मान खाली घातली आणि बोटाचा धागा उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतला. रेडिओने भरल्या डोळ्यांनी हसत फोनचं बटण दाबलं. तंबोरा सुरू झाला. सुगरणीने डोळे मिटले, आणि चाल वर चढली तेव्हा दाद देत मान डोलावली.