सवतीच्या अंगावर माझं कापड

मी वही बोलतेय. दोनशे पानी, जाड, शिवणीला सैल झालेली आणि अंगावर कव्हर नसलेली. इतर वह्या आपली कहाणी सांगताना फार सोशीकपणे बोलतात. मला ते जमायचं नाही. मी जळकी आहे, आणि कुणावर जळते तेही सांगणार आहे.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड मिलमधला. तिथले टाइमकीपर कृष्णराव यांनी हजेरीच्या रजिस्टरांमधले उरलेले कोरे कागद जमवले, मिलच्या बाइंडरकडून शिवून घेतले आणि वर नमुन्याच्या कापडाचं कव्हर चढवलं. निळ्या कापडावर पांढरे ठिपके. चाळीत सगळ्यांच्याच वह्यांना मिलच्या कापडाची कव्हरं असायची, पण हे ठिपके फक्त मला होते. तो नमुना पुढे विणलाच गेला नाही.

कृष्णरावांची एकुलती एक मुलगी सुरभी तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्यासाठी त्यांनी माझ्यात ढेपू अस्वल जन्माला घातलं. जंगलात ढेपूचा मधाचा कारखाना होता आणि सगळे प्राणी तिथे कामाला होते. माकडाचं शेपूट चाकात अडको, नाहीतर साळू साळिंदर रुसून बसो, ढेपू सगळं निस्तरायचा. गोष्टीचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, ‘मग सगळ्यांनी गोल बसून पोहे-जलेबी खाल्ली.’ रविवारी सकाळी चाळीतली पोरं ओट्यावर जमत, कृष्णराव मला मांडीवर उघडत, आणि ते शेवटचं वाक्य पोरंच एका सुरात म्हणत.

एका वर्षी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांकीवर, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यावर, ढेपू बसला. पुठ्ठ्याचा होता, पण मान हलवत होता. झांकी तयार होत असताना कृष्णराव मला काखेत घेऊन कारागिरांना रंग सांगत हिंडायचे. आयुष्यात मिरवले ती तेवढीच.

ब्याण्णव साली मिल बंद झाली. माझ्यात तोवर सत्तावीस गोष्टी झाल्या होत्या आणि मागची वीसेक पानं कोरी होती. कृष्णराव म्हणाले, “मिल उघडली की अठ्ठाविसावी लिहीन.” मी वाट पाहायला लागले. चाळीतली माणसंही वाट पाहत होती. विणकाम खात्यातले संताजी तर रोज सकाळी ओट्याशी थांबायचे.

“क्या खबर है, टाइमबाबू?”

“दिवाळीनंतर भोंगा होईल, संताजी. टेन्शन नको घेऊ.”

अच्युत नावाच्या एका मित्राने पिथमपूरच्या नव्या कारखान्यात संताजींच्या नावाने शब्द टाकला होता. तरी संताजी गेले नाहीत. टाइमबाबूंनी सांगितलं म्हणजे भोंगा होणारच, असा त्यांचा हिशेब. बायको-मुलांना तेवढं त्यांनी गावी पाठवलं, दिवाळीपर्यंत.

याच दिवसांत माझी सवत घरात आली. बाजारात नव्या आलेल्या कोल्ड्रिंकच्या एजन्सीने शाळेत वह्या फुकट वाटल्या, त्यातली ती एक. वर प्लॅस्टिकचं चकचकीत कव्हर, आत पाण्यासारखा पातळ कागद. सुरभी आता पंधरा वर्षांची होती. दुपारी आई शिवणाच्या क्लासला गेली की ती मला उघडून समोर ठेवायची आणि लिहायची त्या दुसरीत. माझ्यात बघून, दुसरीत. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. साळूला किती पिल्लं, माकड कुठल्या झाडावर राहतं, सगळं माझ्यात शोधायचं आणि तिला जाऊन सांगायचं.

आणि लिहीत तरी काय होती? तिच्या ढेपूच्या जंगलात कुणी पोहे-जलेबी खातच नव्हतं. तिथे उपास होता, खोटं होतं, मरण होतं. माझी गोड पोरं त्या सवतीच्या घरात मारली जात होती. मला राग मरणाचा येत नव्हता, खरं सांगते. सुरभी लिहिता लिहिता रडायची, त्याचा यायचा. माझी पानं उलटताना ती नुसती हसायची. माझ्या एकाही पानावर तिच्या डोळ्यांतलं पाणी कधी पडलं नाही.

मग तिने ते केलं. वही आईच्या हाती लागू नये म्हणून तिने माझं कव्हर काढलं आणि सवतीला घातलं. बारा वर्षांचं माझं कापड कालच्या पोरीच्या अंगावर गेलं, आणि मला उघडीवाघडी जुन्या पंचांगांखाली सरकवलं. त्या दिवसापासून मी एकच मागणं मागत होते, ही पकडली जावो.

पकडली गेली. एका रविवारी सुरभी चक्कीवर दळण घेऊन गेली होती. घरोघरी केबल आली होती, त्यामुळे ओट्यावर पोरं तिघंच होती, आणि कोपऱ्यात संताजी. कृष्णरावांनी सवयीने निळे ठिपके बघून वही ओढली आणि वाचायला बसले. सुरभीने अक्षर माझ्यावरूनच गिरवलेलं, म्हणून पहिल्या दोन ओळी त्यांना संशयही आला नाही.

“ढेपूच्या कारखान्यातला मध संपला. ते फक्त ढेपूला ठाऊक होतं.”

तिसऱ्या ओळीला त्यांनी चष्मा सारखा केला. पंचांगांखालून मला खिडकीबाहेर त्यांची पाठ दिसत होती. आता बंद करतील, आता चुलीत घालतील, म्हणून मी आतल्या आत नाचत होते.

“वाचा ना,” संताजी म्हणाले. “मस्त चालली होती, रुकलात काय?”

कृष्णराव वाचत गेले. “रोज सकाळी प्राणी विचारत, ढेपूदादा, मध कधी? ढेपू म्हणे, उद्या. साळूला शेजारच्या जंगलात काम मिळत होतं, पण उद्यावर भरवसा ठेवून ती राहिली. आधी तिची पिल्लं गेली. मग दारात काट्यांचा ढीग तेवढा उरला. ढेपूने तो झाडून काढला, गोल बसायला जागा केली आणि एकटाच बसला.”

पोरं शेवटच्या वाक्यासाठी तोंड उघडून तयार होती. ते आलंच नाही.

“काका, पोहे-जलेबी राहिली ना,” सगळ्यांत लहान पोरगी म्हणाली.

सुरभी पिठाचा डबा घेऊन गल्लीत उभी होती. कृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग संताजींकडे.

“संताजी, मिल नाही खुलणार. मशीनांची लिस्ट मीच बनवली, होळीच्या आधी. कबाड्याला जाणार सगळं.”

“आणि मला दिवाळी-दिवाळी करत राहिलात.”

“हो. तोंडातून निघेना माझ्या.”

संताजी उठले. “पिथमपूरला माझ्या जागी अच्युत स्वतःच लागला, टाइमबाबू. मीच म्हणालो त्याला, भिया, तू जा, आपली तर खुलतेच आहे.” चहाचा कप तसाच ठेवून ते निघाले. पुन्हा त्या ओट्यावर आले नाहीत.

बारा वर्षं मला लोकांनी ऐकलं, पण असं कधीच ऐकलं नव्हतं. प्राणी सगळे माझ्यातलेच होते, आणि सवतीने एका सकाळीत काम करून टाकलं. मला तेव्हा किती झोंबलं ते सांगता येत नाही.

आत आल्यावर सुरभी म्हणाली, “सॉरी बाबा. तुम्ही आईला सांगत होता ते ऐकलं होतं मी. फाडून टाका ना ते.”

“कशाला? ढेपू माझाच आहे. त्याचं सगळं एका वहीत हवं.”

त्यांनी पंचांगांखालून मला काढलं. चार दुपारी बसून माझ्या कोऱ्या पानांवर तिची गोष्ट उतरवली, एक शब्द न बदलता. शेवटी पोहे-जलेबी लिहिली नाही. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पानावर पडलं. इतकी वर्षं मला हवं होतं ते हेच, आणि ते मिळालं सवतीच्या लेकरापायी.

आता मी महूला सुरभीच्या घरी असते. सवतीला वाळवी लागली, पण माझं कापड सुरभीने तिच्याबरोबरच जपून ठेवलंय, मला काही परत दिलं नाही. सुरभीकडे येणारी पोरं मला थेट मागून उघडतात आणि ‘तीच, साळूवाली’ म्हणत अठ्ठाविसावी गोष्ट शोधतात.

तुमच्या हाती कधी आले, तर एवढं करा. पहिल्या पानापासून वाचा. सत्तावीस वेळा गोल बसून पोहे-जलेबी खा, आणि मग त्या साळूवालीकडे जा. माझ्या पंगतीत जेवला नसाल, तर तिच्या दारातला उपास तुम्हाला कळायचा नाही.