जिन्यावरचा गणपती

सांगलीच्या दत्ताजीरावांच्या पत्राला मी एकोणीस वर्षे उत्तर दिले नव्हते. बडोद्यातल्या आमच्या वाचनालयाच्या जिन्यावरची गणपतीची काच त्यांनीच रंगवलेली. त्यांनी लिहिले होते, "तिकडचा गणपती उजव्या सोंडेचा दिसतो असे कळले. मी डाव्या सोंडेचा काढला होता. काच उलटी बसली असावी. रंग बाहेर राहिला तर पावसाने जाईल. कृपया बोट फिरवून पाहावे. रंगाची बाजू खरखरीत लागते."

मी तेव्हा साहाय्यक ग्रंथपाल. बसवणाऱ्यांची चूक काढणारा मी कोण? आणि माझीच चूक निघाली तर? पत्र एका कोशात ठेवून दिले. उजव्या सोंडेचा देव कडक, म्हणून ती काच पुसायलाही कुणी धजत नसे. ती काळवंडत गेली.

यंदा महाराजांच्या हीरक महोत्सवासाठी इमारतीची डागडुजी निघाली. निवृत्त झालो तरी मी रोज वाचायला जातोच. जिन्यात मुकादम धनाजीराव आणि कारागीर मगन यांची जुंपली होती.

"ना भाई! जमणी सूंढ! उजवी सोंड!" मगन म्हणाला. "मी हात नाय लावणार. घरी पोरंबाळं आहेत."

"मग भटजींच्या हातून उतरवतो, सोमवारी विश्वामित्री नदीत विसर्जन करतो. साधी काच बसवू."

"ती... उलटी आहे," मी म्हणालो. "सोंड डावीच आहे."

"साऱ्या बडोद्याला उजवी दिसते, काका. चष्मा बदला!" धनाजीराव हसले.

मी शिडीला हात घातला.

"अहो, ही पुस्तकांच्या कपाटाची शिडी नव्हे!"

एकेक पायरी जपून चढलो. वर पोचून आतून बोट फिरवले. गुळगुळीत. शेजारची झडप उघडून हात बाहेर घातला. मांजराच्या जिभेसारखे खरखरीत!

"मगन, तूच पाहा."

तो डोळे मिटून चढला. मग वरूनच ओरडला, "काकांची वात साची! खरं बोलले काका!"

काच उतरली, ओल्या कापसाने हलकेच पुसली गेली आणि सुलटी बसली. दुपारचे ऊन आले तसा जिना शेंदरी झाला. मगन गरजला, "गणपती बाप्पा!" जिथे मी जन्मभर "हळू बोला" म्हणत आलो, तिथे साऱ्यांनी "मोरया!" म्हटले. त्यात माझाही आवाज होता.

दत्ताजीराव अजून चित्रे काढतात, हे वर्तमानपत्रातून ठाऊक होते. त्याच दिवशी लिहिले: "बोट फिरवून पाहिले. आपले बरोबर होते. उशिराबद्दल क्षमा असावी. पावसाने मोदकाचा रंग तेवढा गेला आहे. तो भरायला आपणच यावे."

पत्र पेटीत टाकले. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला, मगच घरी निघालो.