भाऊजींच्या तळघरातलं पिंप

भाऊजींनी आयुष्यात एक द्राक्ष खुडलेलं नाही, पण ब्रँडीवर बोलायला बसले की पाहुण्याचं जेवण गार होईस्तोवर त्याला सोडत नाहीत. द्राक्षाच्या रसाची आधी वाइन करायची, ती तांब्याच्या भांड्यात तापवायची, वाफ थंड करून थेंब थेंब धरायची. पहिली धार अंगाला बाधते, ती फेकायची. शेवटचीला वास मारतो, ती बाजूला. मधली तेवढी ठेवायची. ती असते पाण्यासारखी, रंग आणि चव देतं ओकच्या लाकडाचं पिंप. सगळं खरं आहे. असणारच, आमच्या बाबांच्या तोंडून उचललेलं आहे.

बाबांनी शेवटचं पिंप भरलं ते माझी भाची, म्हणजे ताईची लेक, जन्मली त्या वर्षी. पुढे द्राक्षबाग गेली, मग बाबाही. नातीच्या लग्नात उघडा, एवढंच सांगून गेले. पिंप राहिलं ताईच्या घरी, म्हणजे भाऊजींच्या तळघरात. दर पाहुण्याला व्याख्यान, व्याख्यानाबरोबर चव, आणि पाहुणा भिडस्त निघाला तर त्याच्या वाटची चवही भाऊजींनाच. पिंप पोकळ वाजायला लागलं तेव्हा ताईने विचारलं. लाकडातून थोडी उडून जातेच म्हणाले, आणि वर, तुला नाही कळायचं ते.

ताईला कळलं. भाऊजी परगावी गेले तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. उरलेली ब्रँडी आम्ही काचेच्या बरण्यांत भरली. काचेत ती मुरत नाही, पण उडतही नाही. पिंपात ओतल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त बाटल्या. तेव्हापासून भाऊजी त्या दुकानाच्या मालात बाबांचा हात ओळखत आले. डोळे मिटून. उघडे ठेवून तरी काय दिवे लावणार होते म्हणा.

लग्नाच्या दिवशी त्यांनी पिंपाची तोटी सोडली, पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग ताईने आमच्या टेबलावर हळूच बरणी आणली आणि चार छोटे ग्लास भरले. भाऊजींनी एकात नाक घातलं, घोट घेतला आणि ग्लास दूर सरकवला.

"दुकानातली दिसते. आपल्या पिंपातली घेतल्यावर ही कुठली उतरायला घशाखाली?"

मी टेबलाखालून ताईचा हात दाबला.

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. "तुम्ही आपली पिंपातलीच घ्या."

भाऊजी पलीकडच्या टेबलावर पहिली धार का फेकतात ते सांगायला गेले. ताई लेकीच्या कानाशी वाकली.

"ही आजोबांची, बाळा."

भाचीने ग्लास दोन्ही हातांत धरला. बराच वेळ नुसता वासच घेत राहिली.

भाऊजींचा उष्टा ग्लास मात्र आम्ही फेकला नाही. तिघींनी वाटून घेतला.